फिल्म चुंबकीय झाली, पण आयनांमुळेच का?

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीला राहणाऱ्या आणि ठाण्याच्या एका महाविद्यालयात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याने मायक्रोस्कोपच्या काचपट्टीवर सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचा थर देऊन तो भाजून) झिंक ऑक्साइडच्या साधारण १०० नॅनोमीटर जाडीच्या फिल्म केल्या आहेत. त्यांच्यावर १०० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या आरगॉन आयनांचा मारा करून खोलीच्या तापमानाला लोहचुंबकत्व आणायचं आहे. शंका दोन आहेत. फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पाडायच्या आयनांची संख्या, किती घ्यावा? गाइड १०^१६ सांगतात. आणि मारा करायच्या आधीच व्हीएसएमवर, म्हणजे नमुना थरथरवून त्याचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर, बारीकसा लूप (लोहचुंबकाची खूण मानला जाणारा आलेख) दिसतोय, त्याचं काय करायचं?

दुसरी शंका आधी घेतो. ती सुटल्याशिवाय पहिलीला काही अर्थ नाही.

एक हिशेब कागदावर करून पाहा. तुकडा ५ मिमी बाय ५ मिमी, फिल्मची जाडी १०० नॅनोमीटर. म्हणजे फिल्मचं आकारमान २.५ × १०^-६ घन सेंटिमीटर. माऱ्यानंतर तिच्यात दर घन सेंटिमीटरला १ इएमयू (चुंबकत्वाचं एकक) एवढं चुंबकन आलं असं धरा. अशा कामांत हा आकडा अगदी नेहमीचा आहे. एकूण सिग्नल झाला २.५ × १०^-६ इएमयू. आता लोखंड घ्या. त्याचं संपृक्त चुंबकन खोलीच्या तापमानाला ग्रॅममागे सुमारे २१८ इएमयू. भागाकार केला की साडेअकरा नॅनोग्रॅम येतात. एवढ्या लोखंडाचा ठोकळा केला तर त्याची बाजू भरते ११ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा जेमतेम सहावा भाग. असा एक कण तुकड्याच्या कडेला चिकटला की तुमचा प्रबंध त्याच्यावर उभा राहतो, आणि तो कण साध्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

हे नुसतं भय घालणं नाही, या विषयाच्या इतिहासात ते घडलेलं आहे. २००४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये चुंबकत्व दिसल्याचं छापलं. ज्या ऑक्साइडमध्ये बाहेरच्या डी-कक्षेत एकही इलेक्ट्रॉन नाही तिथे चुंबकत्व कसं, म्हणून मोठी खळबळ झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने स्वच्छ केलेल्या हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्म मोजल्या, तर काहीच सापडलं नाही. त्याच फिल्म स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरल्या की मात्र तसाच लूप उमटला. म्हणून या कामात स्टीलचा चिमटा टेबलावरच ठेवायचा नाही. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिक टोकांचा घ्या आणि तो दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू देऊ नका.

तुमच्या आधीच दिसणाऱ्या लूपचे संशयित बरेच आहेत. पहिली काचपट्टी. सोडा-लाइम काचेत लोह असतंच. कडेने पाहिल्यावर दिसणारी हिरवट झाक त्याचीच. ते लोह बहुतेक समचुंबकीय (बाहेरचं फील्ड असेपर्यंतच चुंबकीय) असतं, पण कमी तापमानाला मोजमापाची वाट लावायला तेवढं पुरतं. शिवाय काच गरम केली की तिच्यातलं सोडियम फिल्ममध्ये शिरतं. थोडक्यात, काच बाद. सी-कट सफायर घ्या, नाहीतर फ्यूज्ड क्वार्ट्झ. सिलिकॉन स्वस्त आहे आणि चार्जिंगचा (आयनांचा भार साचण्याचा) त्रास देत नाही, पण आयन फिल्म ओलांडून त्यात शिरले की सिलिकॉनमध्येच तुटलेले बंध तयार होतात आणि त्यांचे स्पिन (सुट्या इलेक्ट्रॉनांचं इवलं चुंबकत्व) तुमच्या हिशेबात येऊन बसतात. सफायरलाही हा आजार आहे, फक्त कमी. म्हणून फिल्म नसलेल्या कोऱ्या सबस्ट्रेटवर (फिल्मखालच्या पट्टीवर) तेवढाच मारा करून तोही मोजावा लागतो. पेपर तपासणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

दुसरा संशयित कापाकापी. वेफर कापायच्या डायमंड ब्लेडमध्ये हिऱ्याचे कण बऱ्याचदा निकेलने बसवलेले असतात आणि कापलेल्या कडेवर निकेल घासून राहतं. रेझिन-बाँड ब्लेड मागून घ्या. आणि तुकडे फिल्म घालायच्या आधी पाडा, नंतर नव्हे. कारण सरळ आहे: कोऱ्या सफायरचे तुकडे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून पंधरा मिनिटं ठेवता येतात, मग डीआय (आयन काढलेलं) पाणी, ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). कडेचं लोखंड-निकेल त्यात बरंचसं निघून जातं. झिंक ऑक्साइडची फिल्म एकदा बसली की हा मार्ग बंद. त्या आम्लात फिल्म डोळ्यांदेखत विरघळेल.

तिसरा संशयित आपला परिसर. ठाणे-बेलापूर रस्त्यावर दोन्ही बाजूंना एमआयडीसी, फॅब्रिकेशनची दुकानं, ग्राइंडर दिवसभर चालू. त्यात रोजचा लोकलचा प्रवास. रुळ, चाकं आणि ब्रेक झिजून जी धूळ उडते ती लोहाने भरलेली असते, आणि ती कपड्यांवर, बॅगेवर बसून आपल्याबरोबर येते. ट्रान्स-हार्बरने ऐरोलीहून ठाण्याला येऊन त्याच शर्टावर उघडा नमुना हाताळला तर पुढचं सांगायला नको. वेगळा धुतलेला कोट, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, आणि नमुने नेताना झाकणाची प्लास्टिकची डबी, ती झिप-पिशवीत, ती पुन्हा दुसऱ्या पिशवीत. किल्ल्यांच्या खिशात नाही.

प्रत्येक तुकड्याला नंबर द्या. खूण मागच्या बाजूने डायमंड पेनने करा, मार्करने नको. काही शाईंत लोह असतं. फिल्म घालायच्या आधी, म्हणजे कोरा असतानाच, प्रत्येक तुकडा मोजा. ज्याचा संपृक्त सिग्नल १०^-६ इएमयूच्या वर दिसेल तो सरळ बाजूला काढा. मग फिल्म घालून पुन्हा मोजा. मग मारा. मग तिसऱ्यांदा मोजा. तोच तुकडा, त्याच दिशेने बसवलेला. एका तुकड्यावर मारा करायचा आणि वेगळ्या तुकड्याशी तुलना करायची, हे बैल गेला अन् झोपा केला यातलं. तुकड्यातुकड्यांतला फरक तुम्ही शोधताय त्या सिग्नलएवढाच असतो.

हे सगळं व्हीएसएमवर जमेल का? ओढूनताणून. साध्या व्हीएसएमची पोच १०^-६ इएमयूच्या आसपास आणि तुमचा अपेक्षित सिग्नल २.५ × १०^-६. स्क्विडची (अतिसंवाहक वलयावर चालणाऱ्या जास्त संवेदनशील चुंबकमापकाची) पोच १०^-८ इएमयू किंवा त्याहून बारीक. कोरे तुकडे चाळायला व्हीएसएम, खऱ्या मोजणीला स्क्विड अशी वाटणी करा. व्हीएसएमच वापरायचं असेल तर फिल्म २०० नॅनोमीटर करा आणि प्रत्येक बिंदूवर सरासरीचा वेळ वाढवा.

आता तुमचा पहिला प्रश्न, मारा.

आयन आत शिरताना दोन तऱ्हेने ऊर्जा टाकतो. कमी ऊर्जेला, दहा ते काहीशे केईव्हीपर्यंत, तो अणूंना थेट धडका देऊन जागेवरून उडवतो. ऊर्जा दहा-शंभर एमईव्हीच्या घरात गेली की अणूंना थेट धडका फारशा बसत नाहीत; इलेक्ट्रॉनांना तापवत तो सरळ पार होतो आणि वाटेत काही नॅनोमीटर जाडीचा ट्रॅक सोडतो. झिंक ऑक्साइड या दुसऱ्या प्रकाराला फारसं दाद देत नाही, त्यात नुकसान मुख्यतः धडकांनीच होतं. टायटॅनियम डायऑक्साइड, टिन ऑक्साइड हे ट्रॅकला जास्त हळवे. त्यामुळे तुमच्या पदार्थासाठी १०० केईव्ही आरगॉन ही निवड योग्यच आहे. झिंक ऑक्साइडमध्ये तो सरासरी पन्नास-साठ नॅनोमीटर खोल जाऊन थांबतो, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या फिल्मच्या मध्याला. स्रिम (आयन किती खोल जातात आणि किती नुकसान करतात ते काढणारा प्रोग्राम) चालवून हा आकडा स्वतः काढा, आणि चालवताना फिल्मची घनता तशीच ५.६ ठेवू नका. सोल-जेलची फिल्म सच्छिद्र असते. एलिप्सोमेट्रीवरून किंवा क्ष-किरण परावर्तनावरून आलेली घनता घाला. ती ४.५ निघाली तर आयन त्याच प्रमाणात खोल जातील आणि शेपूट सबस्ट्रेटमध्ये पोहोचेल.

स्रिममध्ये नुकसान काढताना किंचिन-पीझचा झटपट पर्याय निवडा. पूर्ण कॅस्केडच्या पर्यायात रिकाम्या जागांची संख्या जवळपास दुप्पट येते, आणि डीपीएची (एक अणू सरासरी किती वेळा जागेवरून उडाला त्याची) इतरांशी तुलना करायची तर झटपट पर्यायाचाच आकडा प्रमाण मानतात. शिवाय हा प्रोग्राम शून्य केल्व्हिनला, एकही दोष बरा होत नाही असं धरून चालतो. खरं झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानालाच स्वतःला भराभर सावरतं. मोठ्या फ्लुएन्सलाही ते स्फटिकी राहतं. म्हणून स्रिमचा आकडा ही वरची मर्यादा समजा.

त्या आकड्यांची एक झटपट पडताळणी. १०० केईव्हीचा एक आरगॉन आयन साधारण हजारभर रिकाम्या जागा करतो. चौरस सेंटिमीटरला १०^१५ फ्लुएन्स म्हणजे १०० नॅनोमीटरमध्ये सरासरी १.२ डीपीए, १०^१६ म्हणजे १२. प्रत्येक अणू सरासरी बारा वेळा जागेवरून उडाला! तुमच्या गाइडनी सांगितलेला १०^१६ चुकीचा नाही, पण तो टोकाचा बिंदू आहे. तेवढ्या माऱ्यात फिल्ममध्ये सरासरी एक टक्क्याहून जास्त आरगॉन अडकतो, त्याचे बुडबुडे होऊ शकतात, आणि स्पटरिंगने (धडकांनी पृष्ठभाग झिजून) वरचे काही नॅनोमीटर उडून जातात. शिवाय अशा कामांत चुंबकत्व फ्लुएन्सबरोबर आधी वाढतं आणि मग उतरतं, कारण दोष फार झाले की ते एकमेकांत मिसळून गुच्छ होतात आणि त्यांचे स्पिन जुळून जातात किंवा विरतात. एकच बिंदू घेतलात तर तुम्ही चढावर आहात की उतारावर हे कळायचं नाही. १०^१४, ३ × १०^१४, १०^१५, ३ × १०^१५, १०^१६ असे पाच घ्या, प्रत्येकी तीन तुकडे.

वेळ? चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोॲम्पिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला ६.२४ × १०^१२ आयन, आयन एकपट भारित असेल तर. अर्धा मायक्रोॲम्पिअर धरला तर १०^१६ ला ५३ मिनिटं लागतात, पाचही बिंदू मिळून सव्वा तासाच्या जरा वर, ७७ मिनिटं. प्रवाह दहापट वाढवून घाई करू नका. १०० केव्ही × १ मायक्रोॲम्पिअर म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.१ वॉट, हे चालतं. १ वॉट झाला की निर्वातात, पातळ कार्बन टेपवर बसलेला सफायरचा तुकडा चांगलाच तापतो आणि तुम्ही एका हाताने केलेले दोष दुसऱ्या हाताने बरे करत बसता. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा फ्लुएन्स सारखा आणि प्रवाह वेगळा असतो. पेपरमध्ये प्रवाह लिहीत नाहीत, हा या क्षेत्रातला जुना आळस.

प्रवाह मोजण्यातही गोम आहे. आयन आपटला की पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन उडतात. धन प्रवाहात ते भर घालतात आणि मीटर जास्त दाखवतो. म्हणजे पडलेला फ्लुएन्स तुम्ही लिहिलात त्याहून कमी. फॅरेडे कपला (झोताचा प्रवाह मोजणाऱ्या भांड्याला) उणे १०० ते ३०० व्होल्टचं सप्रेशन (उडालेले इलेक्ट्रॉन परत ढकलणारा विद्युतदाब) आहे का, ते विचारून घ्या. अवरोधक फिल्मवरच प्रवाह मोजू नका. शेजारी किंवा मागे ठेवलेल्या कपवर मोजा आणि झोत रास्टर करून (पुढे-मागे फिरवून) एकसारखा पसरवा. चेंबरची निर्वातता १०^-६ मिलिबारहून चांगली हवी, नाहीतर काही आयन वाटेतच भार गमावतात आणि न मोजले जाता नमुन्यावर पडतात. नमुना तपकिरी दिसायला लागला तर पंपाच्या तेलाचा कार्बन बसतोय. एपिटॅक्सियल (एकाच स्फटिक-दिशेत वाढलेली) फिल्म असेल तर ७ अंश तिरकी लावा, चॅनेलिंग (अणूंच्या रांगांमधून आयन खोल घुसणं) टळतं. तुमच्या बहुस्फटिकी फिल्मला त्याची फार गरज नाही.

कुठला आयन? आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन किंवा ऑक्सिजन. म्हणजे एकतर रासायनिकदृष्ट्या मुका, नाहीतर पदार्थाचाच घटक. नायट्रोजनचा मोह होतो, पण तो स्वतः होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) देतो, मग दोष की डोपिंग हे भांडण मिटत नाही. आणि नायट्रोजन घ्यायचाच तर वस्तुमान २८ चा रेण्वीय आयन कधी घेऊ नका. विश्लेषक चुंबक वस्तुमान भागिले भार पाहतो. दुप्पट भारित लोह-५६ चं गुणोत्तरही २८. आयन-स्रोताची भिंत स्टीलची असेल तर तुमच्या झोतातूनच लोह फिल्ममध्ये जाईल आणि मोजताना सुंदर लूप देईल. १४ वरचा एकेरी आयन घ्या. आरगॉन ४० वर असल्याने हा धोका नाही.

आता होल्डर, आणि इथे जरा थांबतो, कारण बहुतेकांचं काम इथेच फसतं. नमुने ज्या लॅडरवर (झोतासमोर सरकवायच्या उभ्या पट्टीवर) लावतात ती पुष्कळदा स्टेनलेस स्टीलची, झोताला आकार देणारी चीरही स्टीलची. झोताची कड तिच्यावर घासते, स्टील स्पटर होतं आणि क्रोमियम-निकेल-लोह तुमच्या फिल्मवर येऊन बसतं. फ्लुएन्स वाढेल तसं हे प्रदूषणही वाढतं! म्हणजे 'फ्लुएन्सबरोबर चुंबकत्व वाढलं' हा तुमचा हुकमी पुरावासुद्धा इथे खोटा पडतो. स्टील ३०४ चुंबकाला चिकटत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वाकवलेलं, पिटलेलं, आटे पाडलेलं ३०४ अंशतः चुंबकीय झालेलं असतं, आणि स्पटर होऊन बसलेल्या थराचा स्वभाव मूळ धातूसारखा असेलच असं नाही.

उपाय असा: झोतासमोर येणारा प्रत्येक भाग तांब्याचा, ॲल्युमिनियमचा किंवा ग्रॅफाइटचा करून घ्या. रबाळे-महापेच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची लॅडर दोन दिवसांत होते, पण कारागिराला आधी बजावा की टूल आणि ड्रिल नवं कार्बाइडचं हवं, आधी लोखंडावर चाललेलं नको, आणि काम झाल्यावर कडा लोखंडी कानशीने घासायच्या नाहीत. तयार भाग गुळगुळीत दिसतो, पण त्यात हायस्पीड स्टीलचे सूक्ष्म तुकडे रुतलेले असतात. ॲल्युमिनियम असेल तर १० टक्के नायट्रिक आम्लात थोडा वेळ बुडवा, लोखंड निघून जातं. तांबं नायट्रिकमध्ये घालू नका, खाऊन टाकेल. त्याला पातळ हायड्रोक्लोरिक. नमुना दाबायला तांब्याची पातळ पट्टी आणि ॲल्युमिनियमचा मास्क. तीच पट्टी फिल्मला टेकवली की चार्जिंगही आटोक्यात येतं. सिल्व्हर पेस्ट टाळा. मागे तिचा डाग राहतो, आणि पेस्टच्या डबीत काय-काय आहे हे कुणी तपासलेलं नसतं.

आणि साक्षीदार तुकडा. त्याच लॅडरवर, झोतापासून सेंटिमीटरभर बाजूला, झाकण न घालता एक फिल्म लावून ठेवा. तिच्यावर आयन पडत नाहीत, पण चेंबरमधली धूळ आणि स्पटर झालेला धातू पडतो. तिचा सिग्नल वाढला तर वाढ आयनांची नाही. कुलाब्याच्या वेधशाळेने हेच शहाणपण फार पूर्वी दाखवलं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ साली अलिबागला नवं केंद्र उघडलं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. साक्षीदार असल्याशिवाय जुन्या-नव्याची सांगड बसत नाही.

मोजमाप करताना सबस्ट्रेटचा सिग्नल तुमच्या सिग्नलला गिळून टाकतो. ५ × ५ × ०.५ मिमी सफायर १ टेस्लाला सुमारे उणे १.८ × १०^-४ इएमयू देतो, फिल्मच्या सत्तरपट. तो सरळ रेषेत असतो म्हणून वजा करता येतो, पण उतार काढताना ०.७ टेस्लाच्या वरचे बिंदूच घ्या आणि मूळ, वजा न केलेला आलेख पेपरला जोडा. ५ केल्व्हिनला हीच युक्ती फसवते. तिथे समचुंबकीय दोषांचा आलेख स्वतःच वाकतो, आणि सरळ उतार वजा केला की संपृक्त लोहचुंबकासारखा एस दिसतो. फील्ड शून्यावर आणल्यावर चुंबकन उरतं का ते पाहा. नसेल तर ते एकेकटे स्पिन आहेत, बस.

स्क्विडची स्वतःचीही खोड असते. अतिसंवाहक चुंबक मोठ्या फील्डवरून शून्यावर आणला की त्यात वीस-तीस ओरस्टेड उलटं फील्ड अडकून राहतं, आणि यंत्र मात्र शून्य लिहितं. प्रतिचुंबकीय सफायरला त्यामुळे खऱ्या लोहचुंबकासारखा वाटणारा, समचुंबकीय वस्तूला उलटा लूप दिसतो. पॅलेडियमच्या प्रमाण नमुन्यावर तोच फील्ड-क्रम चालवून ही चूक किती ते काढा. झेडएफसी-एफसी (फील्डशिवाय आणि फील्डमध्ये थंड करून घेतलेल्या) आलेखात ५० केल्व्हिनच्या आसपास टेंगूळ आलं तर आनंदून जाऊ नका, तो गोठलेला ऑक्सिजन. चेंबर नीट पर्ज करा. १२० केल्व्हिनजवळ पायरी आली तर तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोह आलंच.

लोह आहे का, हे थेट शोधायला आरबीएसवर (मागे उसळलेल्या आयनांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखण्यावर) विसंबू नका. झिंक लोहापेक्षा जड, त्यामुळे १०० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये लोहाचा सिग्नल झिंकच्या पायथ्याखाली दडतो. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये उलट, तिथे लोह टायटॅनियमच्या पुढे मोकळ्या जागेत दिसतं. तुम्हाला पिक्सी (माऱ्याने निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्य ओळखणं) हवं, दोन-तीन एमईव्हीच्या प्रोटॉनवर.

भौतिकी थोडक्यात. झिंक ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनची रिकामी जागा एकटी बहुधा चुंबकीय नसते. तिथले दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. स्पिन मिळतो तो झिंकच्या रिकाम्या जागेतून, शेजारच्या ऑक्सिजनच्या पी-कक्षांत उरलेल्या होलमुळे. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन गेला की टायटॅनियमवर एक डी-इलेक्ट्रॉन येतो, सिरियम ऑक्साइडमध्ये एक एफ-इलेक्ट्रॉन. म्हणून 'ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमुळे चुंबकत्व' हे वाक्य प्रत्येक ऑक्साइडला डकवू नका. आणि एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजताना) ५३१.५ इव्हीच्या ऑक्सिजन शिखराला 'रिकाम्या जागा' म्हणायची पद्धत पडली आहे, ती चुकीची. जे नाही त्याचं शिखर कसं येईल? ते हायड्रॉक्सिल आणि चिकटलेलं पाणी असतं. जुलैत ठाण्यात ठेवलेल्या फिल्मवर ते भरपूर मिळेल. एक्सपीएसमध्ये आरगॉनने पृष्ठभाग साफही करू नका, टायटॅनियमचा तिसऱ्या भाराचा खांदा त्या सफाईनेच तयार होतो. दोषांसाठी ईपीआर (एकेकट्या स्पिनांचा शोध), पॉझिट्रॉन विलोपन आणि फोटोल्युमिनेसन्स यांतली निदान दोन तंत्रं लावा. ईपीआरची सोय पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण-केंद्रात आहे, ऐरोली पूल ओलांडून तासाभराची वाट.

ऑक्सिजनमध्ये ४०० अंशांना तापवून सिग्नल गेला म्हणजे तो दोषांचा, असं सर्रास लिहितात. इतकं सोपं नाही. त्याच तापमानाला लोखंडाचा कणही गंजून हेमेटाइट होतो आणि त्याचा सिग्नल जवळपास जातो. पुढे निर्वातात तापवलं तर तो मॅग्नेटाइट होऊन परत येऊ शकतो. म्हणजे घालव-परत आण हा खेळ लोखंडही खेळतं. त्यापेक्षा साक्षीदार तुकडा सपाट, फ्लुएन्सबरोबर आधी चढ मग उतार, कोऱ्या सबस्ट्रेटवर काही नाही, आणि वेगवेगळ्या जाडीच्या फिल्ममध्ये सिग्नल आयनांच्या पोहोचीएवढ्याच खोलीशी जुळणारा, हे चौघं एकत्र आले तर माझ्या लेखी दावा उभा राहतो. म्हणून चुंबकनाचा आकडा घन सेंटिमीटरला द्या तसा चौरस सेंटिमीटरलाही द्या. फिल्मचं वजन अंदाजे धरून ग्रॅममागे देणं तर सोडूनच द्या.

अजून एक पडताळणी फुकटची आहे. २.५ × १०^-६ इएमयू म्हणजे २.७ × १०^१४ बोर मॅग्नेटॉन (एक म्हणजे साधारण एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं चुंबकत्व). १०^१५ फ्लुएन्सला त्या तुकड्यावर २.५ × १०^१४ आयन पडले. म्हणजे आयनामागे एक बोर मॅग्नेटॉन, रिकाम्या जागेमागे हजारांश. बाकीच्या जागा भरून निघाल्या किंवा गप्प आहेत, हे पटण्यासारखं आहे. १०^१३ फ्लुएन्सला तुम्हाला एवढाच सिग्नल मिळाला तर आयनामागे शंभर होतात, आणि तिथे चिमट्याकडे पाहायला लागा.

जड, वेगवान आयन वापरून पाहायचे असतील तर मुंबईत टीआयएफआरच्या आवारात १४ एमव्हीचा पेलेट्रॉन (आयन-त्वरक) आहे, दिल्लीला आययूएसी या त्वरक-केंद्राचा १५ यूडी पेलेट्रॉन. बीमटाइम प्रस्ताव देऊन मिळतो आणि थांबावं लागतं. तिथे भाराचा हिशेब विसरू नका: ९ पट भारित चांदीचा ४.५ नॅनोॲम्पिअर विद्युतप्रवाह म्हणजे कणांचा अर्धा नॅनोॲम्पिअरच, सेकंदाला ३.१ × १०^९ आयन. ट्रॅकचा व्यास १० नॅनोमीटर धरला तर १.३ × १०^१२ च्या आसपास ट्रॅक एकमेकांवर चढायला लागतात, म्हणून १०^११ ते १०^१३ एवढीच पट्टी घ्या. ऑक्सिजनसारखा हलका आयन ऐंशी-शंभर एमईव्हीला नेला तर हलक्या अणूंशी अणुकेंद्रकीय अभिक्रिया होऊन नमुना किरणोत्सारी होऊ शकतो. मोजून सोडल्याशिवाय तो बाहेर आणायचा नाही.

पावसाळ्यात नमुने डेसिकेटरमध्येच, आणि माऱ्यानंतर मोजेपर्यंत किती दिवस गेले ते वहीत लिहा, कारण झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे दोष ओलाव्याने बदलतात. डेसिकेटरमध्ये निळी सिलिका जेल नको. तिचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तिची भुकटी नमुन्यावर बसली तर कमी तापमानाच्या मोजणीत कोबाल्ट दिसेल. रंग नसलेली पांढरी घ्या, तीही बंद पुडीत.

काचपट्टीवरच्या आत्ताच्या फिल्म टाकून देऊ नका. त्यांच्यातली एक फिल्मसकट पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून झिंक ऑक्साइड पूर्ण काढून टाका, धुवा, सुकवा आणि उरलेली काच त्याच व्हीएसएमवर मोजा. लूप तिथेच राहिला तर तो काचेचा. गेला तर तो फिल्ममध्ये किंवा वरच्या धुळीत होता, आणि पुढचा तुकडा आम्लाऐवजी आयपीएमध्ये अल्ट्रासॉनिकला दहा मिनिटं लावून पाहा. बीमटाइमचा अर्ज त्यानंतर भरा.